धुरातली जागा

धानाच्या एका टरफलावर एक भोक आहे. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, अगदी गोल, आणि कडा इतक्या स्वच्छ की जणू कुणी सुईने कोरलं आहे. भोकाच्या तोंडाशी टरफलाचाच एक पातळ पापुद्रा झाकणासारखा लटकतो आहे. आत काही नाही. दाणा बाहेरून पूर्ण दिसतो, लांब काळ्या कुसळासकट. पण फुंकर मारली तर उडून जाईल एवढंच वजन त्यात उरलं आहे.

हे टरफल माझ्या पोटात, तळाच्या एका खाचेत अडकून राहिलं आहे. ते कुणी काढलं नाही. मला वाटतं, काढूही नये.

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो. तुम्ही दुधी भोपळा खाल्ला असेल. मी त्याचाच भाऊबंद, पण कडू. कडू असल्यामुळे मला कोवळेपणी कुणी तोडलं नाही. गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पलीकडे, मोहाच्या आणि ऐनाच्या जंगलात कोसमटोला नावाची वस्ती आहे. तिथल्या बुधूच्या छपरावर माझा वेल चढला होता. मी वाढत असताना बुधूने माझ्या कमरेला दोरी बांधली, म्हणून मी मधे बारीक आणि खाली गोल झालो. वेल वाळला तेव्हा तो रोज येऊन मला नखाने टिचकी मारायचा आणि कान लावायचा. एके दिवशी माझा आवाज लाकडासारखा आला. मग त्याने मला उतरवलं.

पुढचं सोपं नव्हतं. देठाजवळ भोक पाडून मला नाल्यात दगडाखाली बुडवून ठेवलं. माझा गर आतल्या आत सडला. त्याचा वास मला अजून आठवतो. मग पोटात वाळू आणि खडे भरून बुधूने मला इतकं हलवलं की गराचा शेवटचा धागाही सुटला. नंतर सावलीत वाळवणं, मोहाच्या लाकडाचं बूच बसवणं, आणि बुचाभोवती चिकणमाती लिंपणं. मी तयार झालो. बुधूचा मुलगा चैतू तेव्हा रांगत होता, आणि मला गडगडवत नेण्याची त्याला फार हौस होती.

पण मी खेळणं नव्हतो. बुधू त्या वस्तीचा गायता होता. गायता म्हणजे गावदेवाची पूजा करणारा आणि पेरणी-कापणीची वेळ धरणारा माणूस. माझ्या पोटात त्याने काळकुसळी ठेवलं. हे जुन्या जातीचं धान. दाणा लहान, तांदूळ लालसर, आणि प्रत्येक दाण्याला बोटभर लांब काळं कुसळ. ते भरताना माझ्या आतल्या भिंतीला गुदगुल्या व्हायच्या.

त्या वस्तीत एक रीत आहे. उन्हाळा संपत आला की बीज पंडुमचा सण येतो. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या बियाण्याची एक मूठ पानाच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, घेऊन गावदेवाच्या ठाण्यावर येतं. गायता आधी माझं बूच उघडतो आणि काळकुसळीची पहिली मूठ ठाण्यावर ओततो. मग त्यावर साऱ्या गावाच्या मुठी ओततात, तो हाताने एकत्र करतो, आणि पुन्हा दोन्या-दोन्यांत वाटून देतो. शेतात सगळ्यांत आधी ती मूठ पडते. त्याशिवाय कुणी पेरत नाही.

वाटताना गायता मोठ्याने एक वाक्य म्हणतो. बुधू ते म्हणायचा तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली जायचा.

"मूठ देत राहा. बी जानार नाई. हा त्याचा शब्द हाय, माझा नाई."

पहिलं बी गावदेवाने दिलं, आणि देतानाच हा शब्द दिला, असं तिथले लोक मानतात. बुधू तो शब्द फक्त वर्षातून एकदा गावाच्या कानावर घालायचा.

एरवी माझी जागा चुलीच्या वर होती. छपराच्या आड्याला दोरीने बांधलेला मी बारा महिने धूर खात असे. सकाळचा धूर, सांजेचा धूर, ओल्या लाकडाचा कडवट धूर, मोहफुलं शिजतानाचा गोड धूर. काजळी माझ्या अंगावर थरांनी चढली, आणि माझ्या सालीला असलेली बारीक छिद्रं तिने बुजवून टाकली. मी काळाकुट्ट झालो. पाहुणे आले की विचारायचे, हे वर काय लटकतंय, मडकं का वटवाघूळ. बुधूची बायको सुकरी हसायची, पण तिला ते लागायचं. देवाची वस्तू अशी काजळीत का, असं तिने नवऱ्याला एकदा विचारलं. त्याची जागा धुरातच, एवढंच बुधू म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या बापानेही त्याला सांगितलं नसावं. सुकरीने समजूत करून घेतली की एवढ्याशा घरात दुसरी जागा तरी कुठे आहे.

मित्रांनो, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याला कुणाचा वाईट हेतू कारण नव्हता.

चैतू मोठा झाला, शिकला, आणि गडचांदूरला सिमेंटच्या एका कारखान्यात लागला. तिथे नमुने तपासायच्या खोलीत त्याचं काम. सिमेंटचे ठोकळे करायचे, ते पाण्यात मुरू द्यायचे, आणि मग यंत्राखाली ठेवून फुटेपर्यंत दाबायचे. किती वजनाला फुटला, त्यावरून त्याची ताकद ठरते. सुट्टीत आला की तो हे बापाला सांगायचा, आणि बुधू लक्ष देऊन ऐकायचा. फुटल्यावर त्या ठोकळ्याचं काय करता, असं त्याने एकदा विचारलं. फेकतो, चैतू म्हणाला. बुधू बराच वेळ हसत होता.

मग बुधू आजारी पडला. अंथरुणावरून त्याने चैतूला विचारलं की माझ्यामागे तू बसशील ना. गायत्याची जागा बापाकडून मुलाकडे जाते.

"पाहू," चैतू म्हणाला.

बुधू गेला. गावाने विचारलं, तेव्हाही चैतू म्हणाला, पाहू. दुसऱ्या वर्षी पाहू, तिसऱ्या वर्षी पाहू. तोवर शेजारच्या टोल्याचा, म्हणजे वस्तीचा, म्हातारा गायता, बापूजी, दर पंडुमला येऊन कोसमटोल्याचं काम उरकून जायचा. त्याला गुडघ्याचा त्रास होता. येताना वाटेत दहा ठिकाणी टेकायचा आणि आल्यावर चैतूला टोमणा मारायचा, की पोरा, तुझं पाहून झालं का, का आणखी माझे गुडघे पाहतोस.

चैतू का अडला होता, ते त्याने फक्त आपल्या बायकोला, रीनाला, सांगितलं. मी तिथेच लटकत होतो म्हणून मला कळलं. रजा, नोकरी, लांबचा प्रवास, ही सगळी कारणं खरी होती, पण मुख्य कारण वेगळं होतं. तो म्हणाला की ज्याची तपासणी मला करता येत नाही, त्याच्या वतीने मी हमी कशी देऊ? बी जाणार नाही असं साऱ्या गावापुढे म्हणायचं, आणि गेलं तर? शब्द देवाचा, पण तोंड माझं. रीनाने त्याला भात वाढला.

दरम्यान घर बदललं. जुन्या घराच्या बाजूला घरकुल उभं राहिलं. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, मागे लहानसा ओटा आणि त्यावर गॅसची शेगडी. शेत बटईने, अर्ध्या वाट्याने, दिलेलं होतं आणि बटईदार दुकानातलं बियाणं पेरत असे. सुकरी फक्त बांधाजवळच्या एका तुकड्यात, माझं पोट भरेल एवढंच काळकुसळी पिकवायची. मागच्या हिवाळ्यात ते कापून, झोडून, वाळवून तिने माझ्यात भरलं आणि मला नव्या घरात नेलं.

त्याआधी तिने मला धुतलं.

राख आणि चिंच लावून, नारळाच्या शेंडीने घासून. इतक्या वर्षांची काजळी पाण्याबरोबर वाहून गेली तेव्हा खालून माझा मूळचा पिवळा रंग निघाला. सुकरी थक्क होऊन बघत राहिली. रीनाने मला तेल चोळलं, कमरेला लाल कापड बांधलं. पुढच्या खोलीत, देवाच्या कोपऱ्यात, खिळा ठोकून मला टांगलं. बायका बघायला आल्या. कुणी फोटो काढले. सुकरी म्हणाली की आता कुठे देवाच्या वस्तूला देवासारखी जागा मिळाली. आणि मी? मला खोटं बोलता येत नाही. मला आनंद झाला. आयुष्यभर वटवाघूळ म्हणवून घेतल्यावर मी पहिल्यांदा सुंदर दिसत होतो.

फक्त शेजारची मंगली बघून नाक मुरडून गेली. मंगली म्हणजे सुकरीच्याच वयाची, एकटी राहणारी, शेळ्या राखणारी बाई. तिचं आणि सुकरीचं तरुणपणी कशावरून तरी बिनसलं होतं, आणि कारण विसरलं तरी बिनसणं चालू होतं. ती पंडुमला सगळ्यांत शेवटी यायची, मूठ टाकायची, मूठ घ्यायची आणि हातही न जोडता निघून जायची. देवाला माझ्या शेळ्या सांभाळता येतात का, असं ती उघड विचारायची. मला बघून ती म्हणाली, "नवरीवानी सजवलं हाय. लगन कोनाशी लावता याचं?"

काही आठवडे बरे गेले. मग माझ्या आत काहीतरी हललं.

ती एक अळी होती. धान शेतात असतानाच अंडं दाण्याबरोबर आलं असेल. जुन्या घरात असं अंडं दर वर्षी आलं असेल. धुराच्या उबेत आणि कडवटपणात त्याचं पुढे काही होत नसे. आता धूर नव्हता. माझी छिद्रं उघडी होती आणि नव्या भिंतींतली ओल त्यांतून आत येत होती. अळी दाण्यात शिरली, आतला तांदूळ खाल्ला, आणि एक दिवस टरफलाला ते गोल भोक पाडून लहानसं राखी पाखरू बाहेर आलं. त्याने पुन्हा अंडी घातली.

मला सगळं ऐकू येत होतं. हजारो बारीक दातांचा आवाज एकत्र झाला की तो पावसाच्या भुरभुरीसारखा लागतो. मी तुंबा. मला तोंड आहे, पण त्यात बूच आहे.

बुचाभोवतीची माती तडकली होती आणि त्या फटीतून पिठासारखी भुकटी खाली पडायला लागली. रीना रोज सकाळी ती फरशीवरून पुसायची. तिला वाटलं, नव्या भिंतीचा चुना झडतो आहे. चैतू सणासाठी रजेवर आला तेव्हा तिने त्याला ती दाखवली. त्याने चिमूट बोटांत चोळली, भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाला की गवंड्याने फसवलं, गिलाव्यात सिमेंट कमी घातलंय. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. ज्याला भुकटीतलं सगळं कळत होतं, त्याच्या बोटांत माझं बी होतं आणि त्याला ते सिमेंट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बीज पंडुम होतं.

सकाळीच ऊन तापलं होतं. ठाण्यावर मोहाच्या झाडाखाली सारी वस्ती जमली. दोने हातात, डोक्याला पटके, बायकांच्या कडेवर पोरं. सुकरीने मला दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलं. लोकांनी वाट करून दिली. मला इतकं हलकं का वाटतंय, हे तिला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, कारण त्या वर्षी चैतू ठाण्यावर आला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

बापूजीने मला मांडीवर घेतलं, लाल कापड सोडलं, माती फोडली आणि बूच ओढलं.

पाखरं बाहेर आली. आधी एक, मग पाच-सहा, मग एक राखी धूर उठावा तशी. ती बापूजीच्या दाढीवर बसली, सुकरीच्या पदरावर बसली, उन्हात भेलकांडत मोहाच्या पानांकडे गेली. बापूजीने मला उपडं केलं. मूठ पडायच्या जागी भुसा पडला. त्याला आवाजही झाला नाही.

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं, लोक ओरडतील. एका बाईने पोराचं तोंड पदराने झाकलं, एवढंच. बापूजीचा हात हवेत तसाच राहिला. मी त्याच्या मांडीवर तोंड खाली करून पडलो होतो, आणि इतकी माणसं असून मला फक्त पंखांची फडफड ऐकू येत होती.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं की देवाने शब्द परत घेतला.

सुकरी खाली बसली. तिने भुशात बोटं घातली, एक टरफल उचललं, भोकातून आत बघितलं. मला धुतलं तिने, टांगलं तिने. ते तिला त्याच क्षणी कळलं; तिने दुसरा हात माझ्या पिवळ्या सालीवर ठेवला आणि लगेच काढून घेतला. चैतू तिच्यामागे उभा होता. त्याने वाकून भुकटी बोटांत घेतली, चोळली, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू यंत्राखाली ठोकळ्याऐवजी त्याचाच हात आला.

बापूजी म्हणाला की काळकुसळी नाही तर पहिली मूठ नाही. पहिली मूठ नाही तर पंडुम नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पंडुम नाही तर पेरायचं कसं? काहीजण दोने उचलायला लागले. चैतूने आईच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, चल घरी.

सुकरी उठली नाही.

"शब्द कोनं दिला होता?" तिने विचारलं. आवाज लहान होता, पण सगळ्यांपर्यंत गेला. "तुंब्यानं का?"

तिने हातावरचा भुसा झटकला.

"तुंबा माह्या हातानं गेला. ते माहं. पन शब्द तुंब्यानं नाई दिला. जेनं दिला तो मोडनार नाई. मी इथीच बसतो."

मित्रांनो, मी तेव्हा तिच्या बाजूला रिकामा पडलो होतो आणि मला तिची कीव आली. माझ्यात काय उरलं आहे ते मला ठाऊक होतं. एकही दाणा नव्हता. तिलाही ते ठाऊक होतं, आणि तरी ती बसली होती. विश्वास म्हणजे काय, ते मी चुलीवर लटकून इतकी वर्षं ऐकत होतो. बघितलं त्या दिवशी.

बसल्या जागेवरून तिने लोकांना विचारायला सुरुवात केली. दर वर्षी माझ्या नवऱ्याने तुम्हाला मूठ दिली, मग ती गेली कुठे? लोक ओशाळले. एक म्हणाला, कोपऱ्यात टाकतो, पण कापताना सगळं एकत्र होतं आणि विकायला मोंढ्यावर जातं. दुसऱ्याने कबूल केलं की ती कोंबड्यांना जाते. तिसऱ्याच्या घरी कुसळ पोराच्या घशात अडकलं होतं, तेव्हापासून ते उपटूनच टाकतात. एकेका उत्तराला सुकरीची मान थोडी खाली जात होती. शेवटी विचारायला कुणी उरलं नाही. तिचे ओठ हलत होते. ती बुधूचं ते वाक्य पुटपुटत होती, पण अर्ध्यावर थांबत होती.

तेवढ्यात मंगली आली. नेहमीसारखी शेवटी, हातात दोना, मागे एक शेळी. गर्दी बघून तिने विचारलं की कोण मेलं. मग तिने मला बघितलं, भुसा बघितला, आणि सुकरीला बघितलं.

"धुरातून काऊन काढलं त्याले?" ती म्हणाली. आणि रागारागाने आपला दोना ठाण्यावर उपडा केला, जसा ती दर वर्षी करायची.

दाणे पडले. त्यांचा आवाज झाला. लहान, भरलेले, काजळीने किंचित काळवंडलेले, आणि प्रत्येकाला बोटभर लांब काळं कुसळ.

बापूजी जागेवरून अर्धवट उठला आणि गुडघा विसरून तसाच राहिला. तुझ्याकडे हे कुठून, असं त्याने विचारलं. मंगलीला प्रश्नच कळला नाही. दर वर्षी तुम्हीच देता ना, ती म्हणाली. तिने कधीच ते कोपऱ्यात पेरलं नव्हतं. तिच्या शेताला कुंपण नाही, राखायला माणूस नाही. म्हणून ती वाटून आलेल्या मुठीतलं काळकुसळी निवडून चारही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, दाट टाकायची.

"रानडुकराच्या नाकात कुसळ गेलं का तो मंग परत नाई येत," ती म्हणाली. "मी काई देवासाठी नाई टाकत. डुकरासाठी टाकतो. अख्खी टोपली हाय घरी, चुलीवर. कोनाले पायजे?"

ती दर वर्षी हेच धान ठाण्यावर आणत होती. पण तोवर माझ्यातली मूठ आधीच पडलेली असायची. काळ्यात काळं मिसळलं की कोण बघणार?

सुकरीने मंगलीचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मंगली अवघडली, हात सोडवायला बघत होती, आणि शेवटी म्हणाली की सोड, शेळी जाईल. पण तिने जोर लावला नाही.

तुम्हाला वाटेल की मग गाव आनंदाने ओरडलं असेल. तसं झालं नाही. बी गेलं, या धक्क्यातून माणसं सावरली नव्हती, तोवर बी आहे, हा दुसरा धक्का बसला, आणि तो जास्त मोठा होता. लोक त्या मूठभर दाण्यांपासून दोन पावलं मागे सरकले होते. शब्द पाळला जातो, असं दर वर्षी ऐकणं वेगळं. तो आपल्या देखत, आपल्याला न विचारता, शेळ्या राखणाऱ्या आणि हातही न जोडणाऱ्या बाईच्या धुऱ्यावर पाळला जात होता, हे कळणं वेगळं.

आता माझी विनंती इथेच सांगून टाकतो, कारण या गोष्टीतलं शेवटचं बोलणं माझं नाही.

मी आज पुन्हा धुरात आहे. जुन्या घराची चूल सुकरीने परत पेटती ठेवली आहे आणि मी तिच्या वर लटकतो. माझा पिवळा रंग पुन्हा झाकला जातो आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या घरात आजोबांची, आजीची एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला जपा. पण तिला मखरात बसवण्याआधी ती जिथे होती तिथे का होती, ते विचारा. सांगणारा नसेल तर तिला तिथेच राहू द्या. काजळी घाण दिसते. कधी कधी तीच राखण असते. आणि जे तुम्हाला वाटून मिळालं आहे ते फेकू नका. देवाला दिलेली मूठ देव कुठे ठेवतो, ते आपल्याला आधी कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो शब्द माझ्याच पोटात आहे.

तर, त्या सकाळी दाणे ठाण्यावर पडले होते आणि त्यांना कुणी हात लावत नव्हतं. सगळे बापूजीकडे बघत होते. बापूजीने हात मागे घेतला. आजवर मी चालू काम चालवलं, तो म्हणाला. तुटलेलं जोडायचं ते त्याच गावाच्या हाताने.

"उसन्या हातानं चूल चालू राह्यते. इझलेली पेटत नाई."

मोहाच्या पानांवर अजून काही पाखरं बसून होती. चैतू पुढे आला, उकिडवा बसला, आणि त्याने मंगलीच्या दाण्यांतला एक उचलला. त्याच्याभोवती बोट फिरवून भोक आहे का बघितलं. मग तो दाताखाली धरला. कट्ट आवाज झाला. मला तो स्पष्ट ऐकू आला, आणि सुकरीलाही, कारण तिने डोळे मिटले.

"बापूजी, थोडे सरका," चैतू म्हणाला. त्याने दोन्ही तळवे त्या काळ्या कुसळांवर ठेवले. "यंदापासून मी बसतो. शब्द मी सांगतो."